पायलट काकांची शिकवणी

मोटारसायकल वेगात चालवणं सोपं असतं. शिकाऊ माणसाच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही, पण खरं आहे. तीसच्या पुढे गाडी आपला तोल आपणच सांभाळते. माणसाच्या चालीने चालवायची म्हटली की हात-पाय गोंधळतात. आरटीओच्या परीक्षेत पाय न टेकता इंग्रजी आठचा आकडा काढायला लावतात, तो उगाच नाही.

मला शिकवतात ते शेजारचे काका. पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल घेऊन त्यांनी फोंड्यात उमरभर पायलटकी केली, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी चालवली. मागे बसलेल्या गिऱ्हाइकाच्या हातातली अंडीसुद्धा सांभाळून पोचवली, असं ते सांगतात. त्यांचा पहिला धडा नजरेचा. "बाय, चाकाकडे बघू नको, वळण संपतं तिथे बघ." खड्ड्याकडे बघत राहिलं की गाडी नेमकी खड्ड्यातच जाते. दुसरा धडा हाफ क्लचचा: क्लच अर्धा सोडलेला, मागच्या ब्रेकवर पाय हलकासा, आणि मैदानात गोगलगायीसारखी फेरी.

पुढच्या ब्रेकला लोक उगाच भितात. गाडी थांबताना वजन पुढे येतं, पुढचं टायर रस्त्याला घट्ट चिकटतं, म्हणून खरं थांबवणारा ब्रेक तोच. मात्र हँडल सरळ हवं आणि लिव्हर हळूहळू दाबायचा, झटक्याने नाही. २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस ही ब्रेकची यंत्रणा सक्तीची आहे. त्यामुळे चाक लॉक होत नाही, हे बरंच. पण निसरड्या रस्त्याला पकड काही एबीएस आणून देत नाही.

आणि निसरडं म्हणजे काय, ते गोव्याच्या पावसाने शिकवावं. पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल आणि धूळ एकत्र होऊन बुळबुळीत थर बसतो. मग कडेची तांबडी माती वाहून येते, झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे घसरडे होतात, आणि वळणापलीकडे कोरड्या डांबरावर गुरं निवांत रवंथ करत बसलेली. ताशी ४० च्या वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे जाते. म्हैस दिसून ब्रेकला हात जाईपर्यंत एवढं अंतर गेलेलं असतं.

हेल्मेटबद्दल काका एकच विचारतात: पट्टा लावलास? पोलीस दिसेपर्यंत ते कोपरात अडकवून फिरणाऱ्यांबद्दल ते जे बोलतात, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चोर्ल्याचा घाट कधी, असं परवा मी विचारलं. काका म्हणाले, "आधी रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जाऊन ये. ते पण ओहोटीला." ओहोटीला धक्क्याचा खालचा, शेवाळलेला उतार उघडा पडतो. फेरीबोट टेकायच्या आत सगळे गाड्या चालू करून आरोळ्या ठोकत असतात. "त्यांना जाऊ दे," काका म्हणाले, "तू शेवटी उतर."