कुंडी केवढी घ्यावी?

गच्चीवर भाजी लावायला कुंडी केवढी घ्यावी, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. गच्चीवरची बाग बघायला येणारी माणसं बहुतेक एकच गाऱ्हाणं घेऊन येतात. टोमॅटोचं रोप चांगलं बघून आणलं, ऊन भरपूर आहे, खतही घालतो. पण चार टोमॅटो लागले आणि झाड बसलं ते बसलंच. आता कुठलं खत घालू? खताचं नाव सांगण्याआधी मी विचारते, कुंडी केवढी आहे? "आठ इंची," असं उत्तर आलं की खताची चर्चा मी तिथेच थांबवते.

आपल्याकडे नर्सरीत कुंडी इंचांत मागतात आणि त्यातच फसगत होते. 8 इंच रुंद, 8 इंच खोल, सरळ कडांच्या गोल पिशवीत (झाडं लावायची ग्रो-बॅग) साधारण साडेसहा लिटर माती मावते. 12 बाय 12च्या पिशवीत मावते 22 लिटर. कानाला आठ आणि बारा हे आकडे शेजारचे वाटतात, पण माती जवळजवळ साडेतीनपट झालेली असते. 15 बाय 15 घेतली तर 43 लिटर. निमुळत्या कुंडीत याहून बरंच कमी. म्हणून माझा आग्रह असतो की कुंडी लिटरमध्ये मोजायला शिका. झाडाला कुंडीची रुंदी-उंची कळत नाही, मुळांना मिळालेली जागा कळते.

हे मी नुसतं अनुभवावरून म्हणत नाही. जर्मनीतल्या यूलिश इथल्या संशोधन केंद्रातले हेंड्रिक पोर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली कुंडीच्या आकारावरचे 65 अभ्यास एकत्र करून तपासले. कुंडी दुप्पट केली की झाडाचं वस्तुमान सरासरी 43 टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना दिसलं. मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. लहान कुंडीतल्या झाडाची वाढ खुंटते ती मुख्यतः पानांचं काम मंदावल्यामुळे. तेवढंच पान, तेवढंच ऊन, पण अन्न कमी तयार होतं. म्हणजे मुळांची कोंडी वर पानांपर्यंत पोचते. ऊन भरपूर असूनही झाड का बसतं, त्याचं उत्तर इथे आहे.

त्याच अभ्यासात प्रयोग करणाऱ्यांसाठी एक मापही दिलं आहे. कुंडीची अडचण होऊ द्यायची नसेल तर एका लिटर मातीमागे झाडाचं वाळलेलं वजन एका ग्रॅमपेक्षा जास्त होऊ देऊ नये. फळांनी लगडलेला टोमॅटो वाळवला तर शंभर ग्रॅम सहज पार करतो. या हिशोबाने एका टोमॅटोला शंभर लिटरहून जास्त माती हवी! गच्चीवर एवढी माती कोण देणार? तेव्हा आपली प्रत्येक कुंडी ही तडजोडच असते, आणि ती किती करायची एवढंच आपल्या हातात असतं.

तडजोड जास्त झाली की ती एप्रिल-मेमध्ये उघडी पडते. साडेसहा लिटर मातीत पाण्याचा साठा तो किती? सकाळी आठला घातलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं, पानं माना टाकतात, संध्याकाळी तुम्ही पुन्हा भरपूर पाणी घालता. या ओढाताणीत फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम नीट पोचत नाही आणि टोमॅटोचं बूड काळं पडतं. लोक त्याला रोग समजून फवारणी करत बसतात. त्यात काळी प्लॅस्टिकची कुंडी असेल तर कडेची माती तापते, आणि लहान कुंडीत बहुतेक मुळं कडेलाच असतात. मोठ्या कुंडीत निदान मधली माती थंड राहते. मातीवर पालापाचोळ्याचा जाड थर द्या, कुंडीला पांढरं कापड किंवा गोणपाट गुंडाळा. पुण्या-नागपूरच्या उन्हात एवढ्याने खूप फरक पडतो.

मग सरळ सगळ्यांत मोठी कुंडी घेऊन त्यात बी टाकावं का? नाही. चार पानांचं रोप 40 लिटर ओल्या मातीत लावलं तर त्याची मुळं तेवढं पाणी उचलू शकत नाहीत. माती दिवसेंदिवस ओली राहते, हवा खेळत नाही, मुळं कुजतात. पावसाळ्यात तर हमखास. आधी पेल्यात किंवा ट्रेमध्ये रोप करा आणि मुळं कडेला गोल फिरायला लागण्याआधी शेवटच्या कुंडीत हलवा. खोलीकडेही लक्ष हवं. प्रत्येक कुंडीच्या तळाशी पाण्याने गच्च राहणारा एक थर असतो. तीच माती उथळ कुंडीत भरली तरी त्या थराची जाडी तेवढीच राहते, त्यामुळे उथळ कुंडीत कोरडी, मोकळी माती फारच थोडी उरते. तळाला खडे घालून हा थर जात नाही. खड्यांवर सरकतो एवढंच, वर मातीची जागा जाते ती वेगळी.

आता वजनाचं. हे मी कळकळीने सांगते, कारण उत्साहात याचा विसर पडतो. 43 लिटर ओली बागेतली माती 70 किलोच्या घरात जाते. लोकांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला वापराचा भार (म्हणजे माणसं आणि सामान यांचं वजन) चौरस मीटरला सुमारे 150 किलो आहे. एका चौरस मीटरमध्ये अशा दोन कुंड्या ठेवल्या की संपलं. म्हणून नुसती माती भरू नका. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), शेणखत किंवा गांडूळखत आणि कुजलेला पाचोळा घेऊन माती निम्म्याहून कमी ठेवा, मोठ्या कुंड्या भिंती आणि तुळयांच्या कडेने लावा आणि इमारत जुनी असेल तर आधी अभियंत्याला विचारा.

माझं मत विचाराल तर चार आठ इंची कुंड्यांत चार टोमॅटो लावण्यापेक्षा एका 15 इंची पिशवीत एकच लावा. पाणी घालायचा व्याप कमी होतो, फळं जास्त दिवस मिळतात. मिरचीला 12 इंच चालतं, वांग्याला 12 ते 15, लिंबाला कमीत कमी 18, आणि दुधी-भोपळ्याला 24 इंच देता येत नसेल तर तो वेल लावूच नये. जागा खरंच कमी असेल तर उंच वाढणाऱ्या जातीऐवजी बुटकी झुडपी जात किंवा चेरी टोमॅटो निवडा.

आणि घरात असलेल्या त्या आठ इंची कुंड्या फेकू नका. मेथी, कोथिंबीर, पालक यांना सहा इंच खोली पुरते. मेथी तर तीन-चार आठवड्यांत खुडायला येते, आणि तिची मुळं कुंडीला कंटाळायच्या आत भाजी ताटात पडलेली असते.