केंब्रिजचे पट्टे

नोव्हेंबरात केंब्रिजला जाणार म्हटल्यावर आईनं बॅगेत माकडटोपी कोंबली होती. किंग्ज परेड या रस्त्यावर वारा कानात शिरला आणि लाज गुंडाळून मी ती चढवली. समोरून सायकलवर एक पोरगा गेला. त्याच्या गळ्यात पुरुषभर लांबीचा लोकरी स्कार्फ, त्यावर उभे पट्टे. कॉलेजचं नाव कुठेच नाही.

किंग्ज कॉलेजसमोरच 'रायडर अँड एमीज' हे असे कॉलेजांचे स्कार्फ विकणारं १८६४ पासूनचं दुकान आहे. इथे विद्यापीठाची कॉलेजं ३१ आणि प्रत्येकाच्या स्कार्फचे पट्टे वेगळे. आजीच्या गोधड्यांमुळे कुठलंही कापड आधी उलटं करून बघायची मला खोड आहे. तसं बघितलं तर पट्टे विणलेले नव्हतेच. रंगीत लोकरी कापडाच्या लांब पट्ट्या कडेला कड लावून शिवलेल्या. रंग दोन कॉलेजांचे सारखे असले तरी पट्ट्यांचा क्रम आणि रुंदी बदलली की माणूस बदलला!

ट्रिनिटीचा गडद निळा. त्यात लाल पट्टा आणि त्याच्या दोन्ही अंगांना पिवळा. नेहरू तिथले. जीझस कॉलेजचा लाल-काळा बघून तिथे शिकलेले चिंतामणराव देशमुख आठवले. मी मात्र रेंगाळले ती फिट्झविल्यमच्या राखाडी-लालसर स्कार्फपाशी. जयंत नारळीकर तिथे शिकले, त्यांचे वडीलही तिथलेच. या बापलेकांच्या गळ्यात हा कधी होता का, कोण जाणे.

कॉलेजच्या रंगांचा खरा थाट नदीवर, होड्यांच्या शर्यतीत. सेंट जॉन्सचा, म्हणजे आपल्या रँग्लर परांजप्यांच्या कॉलेजचा, लेडी मार्गारेट बोट क्लब १८२५ सालचा. त्यांच्या भडक लाल कोटांवरूनच 'ब्लेझर' हा शब्द आला म्हणतात.

घ्यावा का एखादा? हात शिवशिवले. विद्यापीठाचं चिन्ह लावलेले स्कार्फही मिळतात, पण ते मला यात्रेतल्या टोपीसारखे वाटले. सगळं ओरडून सांगणारे. आणि फिट्झविल्यमचा घेऊन दादरला मिरवायचा, तर वाटेत एखादा खरा फिट्झविल्यमवाला भेटला आणि "कुठल्या सालचे?" म्हणाला तर?

घडी नीट घालून परत ठेवला. बाहेर येऊन माकडटोपी पुन्हा कानांवर ओढली. चौकातल्या बाजारात चहावाल्यानं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, पण कॉलेज काही विचारलं नाही.