मधल्या सुट्टीतली ती पाच मिनिटे

शाळेच्या अमृतमहोत्सवाचे निमंत्रण हाती आले आणि सर्वांत आधी आठवण झाली ती आपल्या संगीताच्या बाईंची. शाळेविषयी लिहावे असे स्मरणिकेच्या संपादक मंडळाने कळवले आहे. परंतु शाळा म्हटले की मला बाईच दिसतात, म्हणून हे मनोगत त्यांच्याविषयीच आहे.

१९९३ च्या ऑगस्टमध्ये, मी नववीत असताना, मधल्या सुट्टीत प्रार्थनेच्या सभागृहात माझे पाश्चात्त्य बासरीवादन ठेवले होते आणि पियानोच्या साथीला स्वतः बाई होत्या. सवाई गंधर्व महोत्सवाच्या या शहरात बासरी म्हणजे बांबूची, एवढेच माझ्या वर्गमैत्रिणींना ठाऊक होते. चाव्यांची ही चंदेरी बासरी पाहायला त्या हातात डबे घेऊनच आल्या होत्या. मी वाजवणार होते तो ग्लुक या जर्मन संगीतकाराच्या ‘ऑर्फिओ’ या १७६२ च्या ऑपेरातील बासरीचा भाग, जो त्याने १७७४ च्या पॅरिसमधील प्रयोगासाठी नव्याने घातला होता.

चार दिवस पावसाची झड लागली होती. दमट हवेने पियानोचे लाकूड फुगते आणि त्याचा सूर चढतो. गार पडलेल्या बासरीचा सूर मात्र उतरलेला असतो. बाईंनी पियानोवर वाद्ये जुळवण्याचा ‘ए’ हा सूर दिला, मी फुंकर घातली आणि न जुळलेल्या दोन सुरांचे हेलकावे सभागृहभर ऐकू गेले. बासरीचा वरचा तुकडा पूर्ण आत सरकवूनही सूर मिळेना. सुट्टी संपेल या धास्तीने मी तशीच सुरुवात करणार होते, तोच बाई उठून माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “वाजवू नकोस. सगळ्या चाव्या मिटून घे आणि आत नुसता ऊन श्वास सोडत राहा.” अर्ध्या तासाच्या सुट्टीतली पाच मिनिटे अशी गेली. मुली चुळबुळत होत्या, पण बाईंनी घड्याळाकडे एकदाही पाहिले नाही. आतली हवा तापली की ध्वनी तिच्यातून अधिक वेगाने जातो आणि बासरीचा सूर चढतो, याचे शास्त्र मी पुढे महाविद्यालयात शिकले. त्या दुपारी बोटांखालचा धातू कोमट होत गेला आणि पुन्हा दिलेला ‘ए’ पियानोच्या ‘ए’त मिसळला, एवढेच मला कळले.

वाजवताना आणखी एक गोष्ट माझ्या नजरेस पडली. पियानोची एक पट्टी ओलाव्याने फुगून खालीच अडकत होती. बाई ती दाबून झाली की दर वेळी करंगळीने अलगद वर उचलत होत्या आणि साथीची लय तसूभरही हलत नव्हती. समोर बसलेल्या एकीलाही ते समजले नसेल.

आज मी भौतिकशास्त्र शिकवते, आणि कॅम्पातील माझदा हॉलमध्ये बासरी वाजवण्याचे भाग्यही मला लाभले आहे. प्रत्येक वेळी पडद्यामागे चाव्या मिटून मी आधी ऊन श्वास भरते.

गेल्या वर्षी शाळेत आले, तेव्हा सभागृहात संगणकाची खोली झालेली दिसली, मधली सुट्टी वीस मिनिटांवर आल्याचे कळले आणि जिन्याखाली तो पियानो चादरीखाली झाकलेला पाहून फार वाईट वाटले. अमृतमहोत्सवाच्या निधीतून त्याची दुरुस्ती करावी, अशी माझी व्यवस्थापन मंडळास नम्र विनंती आहे. त्यासाठी माझा वाटा मी निमंत्रणाच्या उत्तरासोबत पाठवला आहे, आणि कोणी मुलगी बासरी शिकू इच्छित असेल, तर दर शनिवारी यायला मी तयार आहे.