चाचांचा हुरूब

जेद्दाच्या शराफिया भागात एका खिदमत ऑफिसात, म्हणजे सरकारी कागदपत्रं करून देणाऱ्या दुकानात, मी काही वर्षं अर्ज लिहायचं काम करत होतो. मालक सौदी, अरबी टायपिंग माझ्याकडे. लहानपणी गावच्या मदरशात अरबी शिकलो होतो, बाकीची जेद्दाच्या रस्त्यांनी शिकवली. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपलेले, पगार अडकलेले, मुलाला शाळेत घालायचं असलेले, सगळे यायचे. 2017 पासून सौदी सरकारने परदेशी कामगारांच्या बायकामुलांमागे दरमहा कर लावला. माणशी 100 रियालपासून सुरुवात झाली आणि तो दर वर्षी 100 ने वाढत गेला. आमच्या कोकणातली कितीतरी घरं तेव्हा बिऱ्हाड आवरून परत गेली. त्यांचे खुरूजचे, म्हणजे देश सोडायचे, अर्जही मीच लिहिले.

पण मनातून जात नाही तो 2019 च्या रमजानातला एक दिवस.

सकाळी दापोलीकडचे एक चाचा आले. पंचावन्नच्या पुढचे, एका सौदी घरात अकरा वर्षं ड्रायव्हर. बँकेतून पैसे गावाला जात नव्हते, म्हणून इकामा बघायला दिला. मी नंबर टाकला आणि स्क्रीनवर उमटलं: मुतगय्यिब अनिल अमल. कामावरून बेपत्ता.

"काय आलं रे?"

"चाचा, कफीलने तुमच्यावर हुरूब लावलाय."

हुरूब म्हणजे पळून गेला अशी नोंद. कफील म्हणजे ज्याच्या व्हिसावर माणूस येतो तो मालक. त्याने मोबाइलवरून ती केली की माणूस तेव्हा त्या क्षणी बेकायदा व्हायचा. पोलिसांनी अडवलं तर शुमैसीचं तरहील (हद्दपारीआधीची कोठडी), बोटांचे ठसे, हद्दपारी, आणि पुन्हा या देशात येण्यावर बंदी. राहिलेला पगार कुणाकडे मागायचा हा प्रश्नच उरत नाही. चाचा खुर्चीवर बसले आणि एवढंच म्हणाले, "मी कुठे पळालो? सेहरी तर त्यांच्याच फाटकाजवळच्या खोलीत केली."

झालं होतं ते असं. 24 जून 2018 ला बायकांच्या गाडी चालवण्यावरची बंदी उठली. चाचांच्या मदाम, म्हणजे कफीलची बायको, शाळेत शिकवायच्या. त्यांनी परवाना काढला. घराच्या गल्लीत पहिल्यांदा क्लच सोडायला त्यांना चाचांनीच शिकवलं, हे ते अभिमानाने सांगायचे. हळूहळू चाचांचं काम संपत गेलं आणि पगारही थांबला. महिना 1500 रियाल, असे सात महिने. शेवटी त्यांनी हिशेब आणि खुरूज निहाई, म्हणजे कायमची परत जायची परवानगी मागितली. त्यानंतर चार दिवसांनी हुरूब.

ती बंदी उठली याचा मला मनापासून आनंद झाला होता, आजही आहे. माझ्या बहिणीला सोळाव्या वर्षी स्कूटर चालवताना पाहिलेला माणूस मी. पण त्या देशात हक्क वरून दिला जायचा, खालून मागितलेला चालायचा नाही. गाडी चालवण्याचा हक्क मागणाऱ्या लुजैन अल-हथलूलला बंदी उठायच्या महिनाभर आधी पकडलं होतं, आणि मी सांगतोय त्या रमजानातही ती कैदेतच होती. चाचांनी तर फक्त स्वतःचा पगार मागितला होता.

कंपनीत असते तर लेबर कोर्टाचा रस्ता होता. पण घरच्या ड्रायव्हरला कामगार कायदा लागूच नाही. त्याच्यासाठी तेव्हा घरकामगारांची 2013 ची वेगळी नियमावली आणि वेगळी समिती होती. अंगावर हुरूब असताना समितीकडे जाणं कठीण. लावल्यापासून थोडेच दिवस कफील तो स्वतः मागे घेऊ शकायचा, नंतर फार अवघड. पासपोर्टही कफीलकडेच होता. तो ठेवून घ्यायला तिथल्या नियमानेच मनाई आहे, आणि तरी माझ्याकडे आलेल्या दहांतल्या आठांचा पासपोर्ट कफीलच्या कपाटात असायचा.

मी चाचांना मदामला फोन लावायला सांगितला. ते तयार नव्हते. "घरात भांडण नको माझ्यापायी." मीच लावला.

त्या दुपारी आल्या, एकट्या, स्वतः गाडी चालवत. काळा अबाया, हातात शाळेच्या वह्यांची पिशवी. आमच्या ऑफिसात बाई सहसा येत नसे. मालक उठून बाहेर जाऊन उभा राहिला. स्क्रीन बघून त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "हा माणूस एक दिवस घराबाहेर राहिलेला नाही. लिहा, मी सही करते."

मला सांगावं लागलं की व्हिसा तुमच्या यजमानांच्या नावावर आहे, तुमच्या सहीने हुरूब उठणार नाही. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी विसरणार नाही. सरकारी कामांचं अबशर नावाचं ॲप आहे. नवऱ्याच्या फोनवर त्यात कामगारांचा एक चौकोन आहे, तिथे चाचा. घरच्यांचा दुसरा चौकोन आहे, तिथे मुलं आणि त्या स्वतः. "दोन वर्षांपूर्वी माझी बहीण कैरोत आजारी होती. मला सफरची परवानगी तिथूनच मिळाली. तीन दिवसांनी." चाचांकडे बघून म्हणाल्या, "विमानतळावर यांनीच सोडलं होतं मला."

कफील आणि वली, म्हणजे बाईचा पुरुष पालक. मी दोन्ही शब्द रोज टाइप करायचो, वेगवेगळ्या अर्जांवर. ते एकाच फोनमध्ये शेजारीशेजारी आहेत हे मला तोवर दिसलं नव्हतं.

कफील तरावीहच्या नमाजानंतर, रात्री अकराच्या सुमाराला आला, मदामही सोबत होत्या. शराफियात तेव्हा दिवस उजाडल्यासारखी गर्दी असते. ओरडला वगैरे नाही. बायकोशी गाडीत बोलणं झालं असावं. उभ्या उभ्या फोन काढला, अंगठ्याने चार वेळा दाबलं आणि हुरूब गेला. आणखी दोनदा दाबलं, खुरूज लागला. एका माणसाची अकरा वर्षं सहा वेळा अंगठा टेकवण्यात मिटली.

मग म्हणाला, मुखालसा लिही. हिशेब पूर्ण मिळाला, काही देणं उरलेलं नाही, असा कागद. त्याने टेबलावर ठेवले 6000 रियाल. मी मोजले आणि म्हणालो, 10500 होतात. तो म्हणाला, समितीकडे जा, मग खुरूज मी परत घेतो. मदाम काहीतरी बोलणार होत्या, पण चाचांनी हात वर केला. "लिही, बाबा. ईदला घरी जाऊ दे मला."

मी लिहिलं. "मी खाली सही करणार असे जाहीर करतो की मला माझा संपूर्ण पगार मिळाला आहे." रमजानात, माझ्या हाताने हे खोटं मी टाइप केलं. चाचांना अरबी बोलता यायचं, वाचता नाही, म्हणून मी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि अर्थ सांगितला. ते ऐकत राहिले, मग मराठीत सही केली, शाळेत गिरवलेलं पूर्ण नाव, प्रत्येक अक्षर वेगळं. मदाम भिंतीकडे बघत होत्या.

चाचा ईदला घरी पोहोचले. त्याच ऑगस्टमध्ये फर्मान जाहीर झालं: 21 आणि त्यावरच्या वयाच्या बाईला वलीशिवाय पासपोर्ट काढता येईल, प्रवास करता येईल. मला पहिल्यांदा मदाम आठवल्या. आणखी दीड वर्षाने, मार्च 2021 मध्ये, कामगारांसाठीही सुधारणा आली: कफीलच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येईल, देशाबाहेर जाता येईल. रात्री जागून मी ती नियमावली वाचली. कुणाला लागू नाही ती यादी खाली होती. घरकामगार, मेंढपाळ, माळी, आणि घरचा ड्रायव्हर.

त्यानंतर थोड्या दिवसांनी चाचांचा व्हॉइस मेसेज आला. पुतण्याला एजंटने व्हिसा दिलाय, चांगला आहे का बघून सांग. खाली फोटो होता. मी बोटांनी तो मोठा करत पेशाच्या ओळीपर्यंत आलो. लिहिलं होतं, सायक खास. घरचा ड्रायव्हर.

मी ताबडतोब फोन लावला.