जास्तीचाच गॉगल

भोसरी एमआयडीसीतल्या एका शीट मेटलच्या गाळ्यातून फोन आला, तो सुरक्षेसाठी नव्हे, कागदासाठी. मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट तोंडावर होतं आणि त्यांच्या चेकलिस्टमध्ये ‘लेझर जोखीम मूल्यांकन’ अशी एक ओळ होती. "मॅडम, सही-शिक्क्यासकट रिपोर्ट लागेल. शुक्रवारपर्यंत मिळेल का?" माझी बहुतेक कामं अशीच सुरू होतात. मशीन घेताना कुणी फोन करत नाही.

शेठ पूर्वी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझरवर ॲक्रेलिक कापून नावाच्या पाट्या आणि ट्रॉफ्या करायचे. धंदा वाढला तसं धातूवर अक्षरं मारणारं फायबर लेझरचं मार्किंग मशीन आलं आणि मग दीड किलोवॅटचं, हातात धरून चालवायचं फायबर लेझरचंच वेल्डिंग मशीन. आयईसी 60825 या आंतरराष्ट्रीय मानकात अर्ध्या वॅटच्या पुढचा लेझर सगळ्यात धोकादायक वर्गात, म्हणजे क्लास 4 मध्ये जातो. हे मशीन त्याच्या तीन हजार पट. दिसायला नेहमीच्या टिग वेल्डिंगच्या टॉर्चपेक्षा जरा जाड एवढंच, त्यामुळे भीती कुणालाच वाटत नाही.

या मशीनसाठी शेठनी कोपऱ्यात स्वतः केबिन बांधली होती. तीन बाजूंना पत्रा, समोर सहा मिमीचं पारदर्शक ॲक्रेलिक, म्हणजे टेबलावरून आतलं काम दिसतं. अँगल ओळंब्यात, कोपरे घासलेले, दार उघडलं की कळावं म्हणून दाराला लिमिट स्विच. लहान गाळ्यात इतकं नेटकं काम क्वचित दिसतं. आणि ती केबिन काही कामाची नव्हती.

सीओटू लेझरची तरंगलांबी 10600 नॅनोमीटर. ती ॲक्रेलिकमध्येच शोषली जाते, म्हणून तर त्याने ॲक्रेलिक कापता येतं. फायबर लेझरची 1080 च्या आसपास, आणि त्याच्या लेखी पारदर्शक ॲक्रेलिक नसल्यातच जमा. शेठची इतक्या वर्षांची समज चूक नव्हती, ती दुसऱ्या मशीनची होती.

दाराशी खिळ्याला गॉगल लटकत होता. काडीवर छापलेलं: 10600, म्हणजे सीओटूच्या तरंगलांबीचा. पर्चेस बघणारा पोरगा अभिमानाने म्हणाला, "पुस्तकात 1080 लिहिलंय मॅडम, आपण जास्तीचाच घेतला."

तोंडी समजावण्यात अर्थ नव्हता. मी 20 वॅटच्या मार्किंग मशीनकडे गेले. बाकीच्यांना शेडबाहेर काढलं. माझ्या पेटीतले या तरंगलांबीला ओडी 6 असलेले, म्हणजे दहा लाखांतला एकच भाग आत सोडणारे गॉगल शेठ, ऑपरेटर आणि मी असे तिघांनी चढवले. टेबलावर काळी ॲनोडाइज्ड पट्टी, तिच्यावर केबिनच्याच ॲक्रेलिकचा उरलेला तुकडा, फोकस खालच्या पट्टीवर जुळवलेला. ऑपरेटरने फर्मचं नाव मारलं. तुकडा उचलला तर खाली पट्टीवर पांढरी स्वच्छ अक्षरं. शेठनी ॲक्रेलिक उजेडाकडे धरलं, दोन्ही बाजूंनी अंगठा फिरवला. ओरखडासुद्धा नव्हता. मग त्यांनी केबिनकडे पाहिलं आणि तिथून बफिंगच्या टेबलाकडे.

बफिंगला एक मावशी बसायच्या, ॲक्रेलिकच्या समोर, जेमतेम आठ फुटांवर. वेल्डिंग चालू असलेल्या जॉबवरून विखुरलेला उजेड सगळ्यात वाईट परिस्थितीत साधारण तीन मीटरपर्यंत डोळ्यासाठीच्या मर्यादेबाहेर राहतो असा माझा हिशेब निघाला. आठ फूट म्हणजे अडीच मीटरसुद्धा नाही. थेट किरण सुटला तर धोक्याचं अंतर शंभर मीटरच्या पुढे, म्हणजे शटर ओलांडून पार रस्त्यावर. आणि हा किरण दिसत नाही. वेल्डिंग गनच्या तोंडाशी दिसतो तो लाल ठिपका नुसता नेम धरायला असतो, लोक त्यालाच लेझर समजतात. दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, डोळ्याचं भिंग तो नेमका पडद्यावर गोळा करतं, आणि पडद्याला दुखत नाही. गणपतीच्या मिरवणुकीतल्या हिरव्या लेझरवर निदान आरडाओरडा तरी होतो. इथे ओरडायला काही दिसतच नाही.

खरी मेख मात्र पुढेच होती. या गनला एक क्लिप असते, ती जॉबला लावायची. गनचं तांब्याचं टोक जॉबला टेकलं तरच सर्किट पुरं होतं आणि लेझर सुटतो. टोक हवेत असेल तर बंद. इथे ती क्लिप गनच्याच टोकाला चिमटवलेली होती. म्हणजे गन कुठेही वळवा, ट्रिगर दाबा, चालू. अशा वेळी ऑपरेटरला झापायची आमच्या क्षेत्रात पद्धत आहे. मी त्याला कारण विचारलं.

"पावडर कोटिंगच्या ब्रॅकेटवर जॉब बसतो, ताई. मधेच कॉन्टॅक्ट सुटतो, टाका तुटतो. तुटला की रिजेक्ट, आणि रिजेक्टचे पैसे माझ्याकडून."

माझ्या तक्त्यात धोका, शक्यता, तीव्रता असे कॉलम आहेत. रिजेक्शनच्या कपातीला कॉलम नाही. मी शेठना सांगितलं की आधी ही कपात थांबवा, मग क्लिपचं बोलू. ते गप्प राहिले, पण नाही म्हणाले नाहीत. पुढे त्या ऑपरेटरनेच ब्रॅकेटवरचं वीज अडवणारं कोटिंग खरवडून तांब्याची पट्टी बसवली, क्लिप तिला लावली, आणि टाका तुटायचा थांबला. असला उपाय मला बसल्या जागी सुचला नसता. ॲक्रेलिकच्या जागी पत्रा आला, आत कॅमेरा बसला, शेठना आता मोबाइलवर दिसतं. गॉगल आले, काडीवर तरंगलांबी आणि ओडी दोन्ही छापलेले.

अडलंय ते दोन गोष्टींवर. दोन्ही ऑपरेटरांची रेटिना तपासणी शेठनी स्वखर्चाने करून घेतली. मावशी ठेकेदाराच्या. ‘संपर्कात येणाऱ्या व्यक्ती’ या रकान्यात शेठच्या माणसाने ‘2’ लिहिलं होतं, मी ‘3’ केलं. ठेकेदार म्हणतो, दिवाळीच्या सुट्टीत बघू. केबिन बांधल्यापासून त्या तिथेच बसत होत्या, आणि दिसतंय ना विचारलं तर म्हणतात, "वयाचं आहे ते."

दुसरं, सगळे उपाय धरूनही मी उरलेली जोखीम ‘मध्यम’ लिहिली, कारण हातातल्या गनचं तोंड कुठे वळेल ते केबिन ठरवत नाही. ऑडिटरचा मेल आला: ‘कमी’ असल्याशिवाय सिस्टिम फॉर्म घेत नाही, कृपया दुरुस्त करून पाठवा. मी कारणं जोडून ‘मध्यम’च परत पाठवलं. ऑर्डर लटकली आहे आणि त्या ऑपरेटरचा ओव्हरटाइमही. शेठ रोज फोन करतात, आवाज न चढवता, आणि ते मला जास्त जड जातं. ‘कमी’ मी लिहिणार नाही. ठेकेदाराचा नंबर मात्र मागून घेतलाय.