फणेरपेटी नवी न करता जपली त्याची गोष्ट

फणेरपेटी, म्हणजे पूर्वीच्या बायकांची आरसा, फणी आणि कुंकू ठेवायची लाकडी पेटी, दुरुस्तीला काढली तेव्हा सगळ्यात जास्त वेळ गेला तो 'नको' म्हणण्यात. एक सुतार म्हणाले, "ताई, हलका रंधा मारतो, आतलं कोरं लाकूड वर येईल." पॉलिशवाल्यांनी मेलामाइन, म्हणजे हल्लीचं चकचकीत रासायनिक पॉलिश, सुचवलं. शेजारच्या काकूंनी आरसा बदलायला सांगितला. सगळे आपुलकीनेच बोलत होते. पण घासून निघालेला पृष्ठभाग परत लावता येत नाही, आणि मला तोच हवा होता. माळ्यावर अशी पेटी असलेली घरं आपल्याकडे बरीच आहेत, म्हणून काय काय केलं ते सविस्तर लिहिते.

पेटी शिसवी, वीतभर उंचीची, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. झाकण उघडलं की आतला आरसा उचलून मागे टेकवता येतो. समोर लहान कप्पे आणि तळाशी एक खण. पूर्वी बायका कपाळाला आधी मेण लावायच्या आणि त्यावर कुंकू रेखायच्या, म्हणून मेणाच्या डबीला स्वतंत्र जागा. त्या कप्प्याचं लाकूड अजून तेलकट आणि काळपट आहे. शेजारच्या कप्प्याच्या तळाशी लाकडाच्या रेषांमध्ये कुंकू इतकं मुरलंय की ओलं बोट फिरवलं तर आजही लाल होतं. कुण्या बाईची रोजची सकाळ त्या कप्प्यांत साठलेली आहे. तिथे सँडपेपर लावायचा विचारही मला सहन होत नव्हता.

पेटी विकणाऱ्याने ती पेशवेकालीन असल्याचं सांगितलं होतं. पेशवाई १८१८ मध्ये संपली. घरी आणल्यावर बिजागरीचा एक स्क्रू हलक्या हाताने काढून पाहिला, तर त्याचं टोक अणकुचीदार आणि आटे एकसारखे निघाले. टोकदार लाकडी स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर यंत्रावर बनून सर्रास मिळू लागले. त्याआधीचे स्क्रू टोकाला बोथट असत. बिजागरीभोवती दुसरी जुनी भोकं नव्हती, म्हणजे स्क्रू मूळचेच. आरशाच्या पाठीवर तांबूस रंगाचा थर होता. काचेवर चांदीचा मुलामा चढवून वर असा रंग देतात, आणि ही पद्धतही १८३५ नंतरची. तेव्हा पेशवेकाळ बाद झाला. कोपऱ्यांचे सांधे मात्र हाताने कापलेले आहेत, एका दाताचं माप दुसऱ्याशी जुळत नाही. माझ्या अंदाजाने पेटी शंभरीच्या अलीकडे-पलीकडे असावी.

हा अंदाज मला हवाच होता, कारण पेटी टोरोंटोच्या धाकट्या बहिणीला द्यायची होती. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनी कलाकुसरीची वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांना वस्तू दाखवून, ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मी बहिणीला फोन करून सांगितलं की पेटी पुण्यातच राहील. ती थोडी हिरमुसली, पण तिला पटलं. मलाही आतून बरंच वाटलं.

कामाला लागण्याआधी शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक अख्खी दुपार घालवली. दिनकर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने हा संग्रह उभा केला. दिवे, अडकित्ते, करंडे, घरातल्या अशा साध्या वस्तू त्यांनी राजेरजवाड्यांच्या ऐवजासारख्या जपल्या. वापराने झिजलेल्या कडा तिथे झिजलेल्याच ठेवल्या आहेत. घरी येताना माझा निर्णय पक्का झाला होता.

पहिली काळजी किडीची होती. खणाच्या तळाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं होती. शिसवाला कीड सहसा शिवत नाही. तळाची फळी मात्र आंब्याची, आणि आंब्याच्या लाकडात ती हमखास शिरते. भोकं जुनी की कीड अजून आत आहे, हे कळायला खण काळ्या कागदावर ठेवून दिला. काही दिवसांनी कागदावर पावडरीसारखा बारीक भुसा दिसला. औषध टोचायचं तर कुंकवाचे डाग जाण्याची भीती. म्हणून संग्रहालयांत करतात तसं गोठवायचं ठरवलं. खण सुती कापडात गुंडाळला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढून टाकली आणि उणे वीस अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवला. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, म्हणजे दव पिशवीवर धरतं, लाकडावर नाही. त्यानंतर काळा कागद कोराच राहिला. सुटलेली एक पट्टी सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या जुन्या पद्धतीच्या गोंदाने, चिकटवून घेतली. सरस कोमट पाण्याने पुन्हा सुटतो, त्यामुळे पुढच्या दुरुस्तीची वाट मोकळी राहते. हल्लीच्या पांढऱ्या गोंदात ती सोय नाही.

मग पॉलिश. पेटीच्या बुडाला, कुणाच्या नजरेस पडणार नाही अशा जागी, स्पिरिटचा बोळा टेकवला. बोळा तपकिरी झाला, जागा चिकट झाली. म्हणजे लाखेचं पॉलिश. अशी लाख जाणणारे एक वयस्कर पॉलिशवाले आजोबा रविवार पेठेत भेटले. पेटी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "हिला घासायचं नाही. पण आत्ता पावसात हात लावणार नाही, पॉलिश पांढरं पडेल. दसरा होऊ दे." हे ऐकून इतका आनंद झाला की मी तिथेच त्यांच्या पाया पडले.

दसऱ्यानंतर त्यांनी चपडा लाख (लाखेचे पातळ पापुद्रे) काचेच्या बाटलीत स्पिरिटमध्ये भिजत घातली आणि दुसऱ्या दिवशी मलमलच्या फडक्यातून गाळली. कापसाभोवती सुती कापड गुंडाळून गोळा केला. आधी त्यावर नुसतं स्पिरिट, तेही अगदी बेताचं घेऊन, तडकलेली जुनी लाख तिच्याच जागी बसवून घेतली. जिथे लाकूड उघडं पडलं होतं तेवढ्याच ठिकाणी नवा पातळ हात दिला. गोळा लाकडावर टेकलेला असताना एकदाही थांबला नाही. थांबला की तिथे चिकटतो आणि डाग उठतो. मी श्वास रोखून बघत होते. शेवटी मधमाशांच्या मेणाचा हलका हात, आणि शिसवाची जांभळट झाक वर आली.

पितळी पट्ट्यांना चिंच-लिंबू लावायचं नाही, हे मात्र मी घरच्यांना बजावून ठेवलं. सुट्या भांड्याला ते ठीक आहे, पण लाकडात बसवलेल्या पितळेखाली आंबट पाणी मुरलं की हिरवा कळंक आतून येतो. कोरड्या मऊ फडक्याने पुसलं, तेवढं पुरलं. आरशावरचे काळे ठिपके तसेच आहेत. चेहरा जरा धूसर दिसतो, दिसू दे.

पेटी बघून आत्याने तिच्या सासरची पेटी माझ्याकडे धाडली आहे, न पुसता, मी सांगितलं होतं तशी. तिच्या आरशाच्या मागे रंगाचा थर नाही, निळसर राखाडी पत्रा दिसतो. तो कथील आणि पाऱ्याचा जुना मुलामा असावा. पारा विषारी, म्हणून हा आरसा मी घरी खोलणार नाही. पाऱ्याचे कण बाहेर सांडू नयेत म्हणून पेटी आडवी, झाकण बंद करून ठेवली आहे, आणि आधी संवर्धकाला, म्हणजे जुन्या वस्तू जपण्याच्या तज्ज्ञाला, दाखवायचं ठरवलं आहे.