म्न्ये म्हणजे मला

रशियनच्या वर्गाला येणाऱ्या मुलामुलींचे आईवडील मला हमखास विचारतात: तिकडे शिकायला गेल्यावर वसतिगृहात राहावं की एखाद्या रशियन घरात? आणि घरात राहिलं, तर पहिले दिवस कसे जातात? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पहिले दिवस अवघड जातात. तरी मी घरच सुचवेन.

मी पुण्यात रशियनच्या दोन परीक्षा देऊन उन्हाळी अभ्यासक्रमासाठी सेंट पीटर्सबर्गला गेले होते. वासिल्येव्स्की बेटावरची जुनी इमारत, चौथा मजला, सत्तरीतल्या एक बाई आणि त्यांचा शाळकरी नातू. बाईंना सगळे त्यांच्या नावाने आणि वडिलांच्या नावाने हाक मारत. इथे मी त्यांना आजी म्हणते.

दार उघडताच मी आईने दिलेला चिवड्याचा पुडा पुढे केला. आजींनी तो घेतला नाही. माझं मनगट धरून आधी मला आत घेतलं आणि मगच पुडा हातात घेतला. रशियात उंबरठ्यावरून काही देत-घेत नाहीत, हे मला नंतर कळलं. पण त्या क्षणी मला माझी आजी आठवली. ‘उंबऱ्यावर बसू नको गं’ म्हणून ती रोज ओरडायची. लगेच पायांपुढे सपाता आल्या, तापच्की. बाहेरचे बूट दारातच राहतात, आपल्यासारखेच.

मग त्यांनी माझ्या वडिलांचं नाव विचारलं. रशियन माणसाच्या नावात वडिलांचं नाव असतंच, मुलीच्या बाबतीत त्याला ‘ओव्हना’ किंवा ‘येव्हना’ जोडतात. मी सांगितलं की आमच्याकडेही मधलं नाव वडिलांचंच. आजी थांबल्या, मग माझं नाव आणि त्याला जोडून बाबांच्या नावाचं रशियन रूप असं सावकाश म्हणाल्या. बाबांचं नाव त्या स्वयंपाकघरात ऐकून मला भरून आलं.

जेवणात सगळ्यावर शेपू. सूपवर शेपू, बटाट्यावर शेपू, काकडीवरही शेपू. त्याला ते उक्रोप म्हणतात. चहाची तऱ्हा वेगळी: छोट्या किटलीत कडक अर्क, तो कपात थोडासा ओतायचा आणि वर उकळतं पाणी. आजींनी डबा पुढे करून विचारलं, ‘साखर?’ मी चमकून वर पाहिलं. रशियनमध्येही साखरेला जवळजवळ साखरच म्हणतात. दोन्ही शब्दांचं मूळ शर्करेत आहे. त्या घरात मला न अडखळता कळलेला तो पहिला शब्द.

बाकी मात्र काही कळत नव्हतं. वर्गातले शिक्षक आमच्यासाठी सावकाश बोलत, आजी कुणासाठीच सावकाश बोलत नसत. दुसऱ्या दिवशी मी ‘भारतातून आले’ म्हणताना ‘प्रिश्ला’ म्हणाले. आजींनी टेबलावर दोन बोटं चालवून दाखवली: पायी आलीस? मग मूठ सरकवली, प्रियेखला, म्हणजे वाहनाने. मग तळहात हवेत तरंगत नेला, प्रिलित्येला, म्हणजे उडून. मराठीत आपण चालत येतो, गाडीने येतो, विमानाने येतो, ‘येणं’ एकच. तिथे प्रत्येक येण्याला वेगळं क्रियापद. पुस्तकात हा धडा महिनाभर चालला होता, मला तो त्या हाताने शिकवला.

तिसऱ्या दिवशी इमारतीतलं गरम पाणी बंद झालं. तिथे गरम पाणी शहराच्या केंद्रीय व्यवस्थेतून नळाला येतं आणि उन्हाळ्यात पाइपांच्या देखभालीसाठी एकेका भागात ते काही दिवस बंद ठेवतात. आजींनी मोठ्या पातेल्यात पाणी तापवून दिलं. संध्याकाळी गारठा होता. मी म्हणाले, ‘या खलोदनाया.’ आजी म्हणाल्या, ‘म्न्ये! म्न्ये खोलद्ना.’ मी म्हटलं होतं त्याचा अर्थ होतो, मी थंड बाई आहे.

त्या रात्री झोप आली नाही. जूनमध्ये तिथे सूर्य दहानंतर मावळतो आणि मग पुरता अंधार पडतच नाही. उजळ खिडकीकडे बघत पडून राहिले आणि लख्खकन डोक्यात आलं: म्न्ये म्हणजे मला. मला थंडी वाजते. मला आवडतं. मला वाईट वाटतं. मराठीत थंडी आपल्याला वाजते, आपण थंड नसतो. रशियनमध्येही तसंच, सरळ चतुर्थी. मी दोन वर्षं मराठी मनातलं आधी इंग्रजीत नेत होते आणि तिथून रशियनमध्ये आणत होते. मधली ती फेरी कुणी सांगितली होती? पुस्तकं इंग्रजीतून होती, एवढंच. तीन लिंगं आमच्याकडे, विभक्ती आमच्याकडे, तू आणि तुम्ही आमच्याकडे. ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च हे रशियनमधले दोन वेगळे वर्ण, तेही आमच्या तोंडात आधीपासून. आता माझ्या वर्गात पहिल्याच दिवशी मी फळ्यावर ‘मला’ लिहिते, ते त्या रात्रीमुळे.

वसतिगृहात हे कळलं नसतं असं नाही. पण तिथे थंडी वाजली तर मी शेजारच्या खोलीतल्या भारतीय मुलीला हिंदीत सांगितलं असतं आणि विषय संपला असता.

पाचव्या संध्याकाळी आईचा फोन ठेवून स्वयंपाकघरात आले. आजी चहा करत होत्या. मी म्हणाले, ‘म्न्ये ग्रूस्ना.’ मला उदास वाटतंय. त्या शब्दातला ‘त’ लिहितात पण उच्चारत नाहीत. तोही बरोबर गाळला गेला होता. आजींनी काही दुरुस्त केलं नाही. खुर्ची ओढून दिली, नातवाला टीव्ही बंद करायला सांगितला आणि माझ्या कपात न विचारता दोन चमचे साखर घातली.